अंकांचा प्रवास आणि चुकांची दुरुस्ती : प्रस्तावना

भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पूर्व काठावर वसलेले कारधा हे गाव पावसाळ्यात एका आकड्यामुळे जिल्हाभर चर्चेत असते. येथील पुलाजवळ नदीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये मोजली जाते; 245.00 मीटर ही इशारा पातळी आणि 245.50 मीटर ही धोका पातळी धरली जाते, आणि पूरस्थितीत जिल्हा प्रशासनापासून काठावरच्या वस्त्यांपर्यंत साऱ्यांचे लक्ष या दोन आकड्यांमधल्या अर्ध्या मीटरवर खिळलेले असते. वर मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात संजय सरोवराचे दरवाजे उघडले, बावनथडी आणि बाघ या उपनद्यांना पूर आला, खाली पवनी तालुक्यातील गोसेखुर्द जलाशयाचा फुगवटा वाढला, की या साऱ्याचा हिशेब कारध्याच्या मोजपट्टीवर उमटतो. ऑगस्ट 2020च्या अखेरीस आलेल्या महापुरात भंडारा शहराच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा या आकड्याचे महत्त्व वेगळे पटवून देण्याची गरज उरली नाही. मात्र काठावर मोजलेला आकडा आणि दूरच्या नियंत्रण कक्षात पोहोचलेला आकडा एकच असेल, हे गृहीत धरण्याची जी सवय सर्वांना लागली आहे, तिच्यामागे गणिताची एक संपूर्ण शाखा उभी आहे. त्रुटी-सुधारक संकेत हा त्या शाखेचा विषय असून प्रस्तुत ग्रंथ त्याचीच ओळख करून देतो.

यंत्राकडून यंत्राकडे जाणारा कोणताही आकडा शून्य आणि एक या दोनच चिन्हांत लिहिला जातो आणि अशा प्रत्येक चिन्हाला बिट म्हणतात. समजा, 245.50 मीटर ही पातळी सेंटीमीटरमध्ये, म्हणजे 24550 अशी पाठवायची आहे. द्विमान पद्धतीत ही संख्या 101111111100110 अशी पंधरा बिटांची होते. प्रवासात यांतील एकच बिट उलटले तर काय होईल, हे पाहण्यासारखे आहे. सर्वांत उजवीकडचे बिट उलटले तर 245.51 मीटर असे वाचले जाईल आणि त्या एका सेंटीमीटरने कोणाचेही बिघडणार नाही. डावीकडून दुसरे बिट उलटले तर पातळी 327.42 मीटर दिसेल, आणि ही अशक्य कोटीतली संख्या पाहून कोणताही जाणता कर्मचारी ती बाजूला ठेवील. खरा धोका मधल्या बिटांत आहे. ज्या बिटाचे मोल 64 सेंटीमीटर आहे ते एकाचे शून्य झाले, तर धोका पातळीला टेकलेली नदी नोंदीत 244.86 मीटरवर, म्हणजे इशारा पातळीच्याही खाली दिसेल, आणि त्या आकड्यात शंका घेण्यासारखे काहीच नसेल. हास्यास्पद चूक स्वतःच स्वतःला उघडी पाडते, क्षुल्लक चुकीकडे दुर्लक्ष केले तरी चालते. परंतु खऱ्यासारखी दिसणारी चूक माणसाच्या डोळ्यांना पकडता येत नाही, म्हणून तिच्यासाठी गणिताची मदत घ्यावी लागते.

बिटे उलटण्याची कारणे अगदी साधी असतात. आकाशात वीज चमकते, मुसळधार पावसात रेडिओलहरींची शक्ती क्षीण होते, प्रक्षेपकाची बॅटरी उतरते, दुसऱ्याच एखाद्या यंत्राचा संदेश त्याच क्षणी आडवा येतो. आणि यांपैकी काहीही घडले नाही, तरी प्रत्येक ग्राहक यंत्रातील इलेक्ट्रॉनांची उष्णताजन्य हालचाल एक अखंड खरखर निर्माण करीतच राहते. अभियांत्रिकीच्या भाषेत या सर्वांना मिळून गोंगाट आणि संदेश ज्या मार्गाने जातो त्याला वाहिनी म्हटले जाते. येथे एक विचित्र योग असा, की ज्या रात्री निरोप बिनचूक पोहोचण्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच रात्री वाहिनी सर्वांत वाईट अवस्थेत असते. गोंगाटावर मात करण्याचा एक मार्ग शक्ती वाढवण्याचा, म्हणजे मोठा प्रक्षेपक, मोठी थाळी आणि जाड केबल यांचा आहे. तो खर्चिक आहे आणि नदीकाठच्या सौर पॅनेलवर चालणाऱ्या पेटीला तो झेपत नाही. दुसरा मार्ग असा, की वाहिनी आहे तशीच राहू द्यावी, परंतु संदेशाची मांडणीच अशी करावी की त्यात शिरलेली चूक लपू शकणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा दुसरा मार्ग इतका यशस्वी ठरला, की आज संगणकाची स्मृती, मोबाइल, उपग्रह आणि दुकानातली क्यूआर पाटी यांपैकी एकही वस्तू त्याच्यावाचून चालत नाही.

मांडणीतून चूक पकडण्याची कल्पना मुळात नवी नाही. जुन्या हुंडीत रक्कम आकड्यांत आणि अक्षरी लिहून, शिवाय तिची निमपट सांगून ‘तिची दुप्पट पुरी’ अशी नोंद करण्याची जी रीत होती, तिच्यात एकच माहिती तीन वेगवेगळ्या रूपांत दिलेली असे. एका रूपात खाडाखोड झाली, तर उरलेली दोन तिच्याविरुद्ध साक्ष देत. संदेशात आवश्यकतेपेक्षा जास्त घातलेल्या अशा मजकुराला या ग्रंथात अतिरेक असे म्हटले आहे आणि सगळा विषय या अतिरेकाच्या काटकसरीचा आहे. पातळीचा आकडा तीनदा पाठवून बहुमत मोजले तर पंधराऐवजी पंचेचाळीस बिटे लागतात. त्याहून कमी बिटांत तेच काम होईल काय, आणि होत असेल तर किमान किती लागतील, येथून गणित सुरू होते.

सर्वांत स्वस्त उपाय एका जादा बिटाचा आहे. संदेशातील एकांची एकूण संख्या सम होईल असे एक बिट शेवटी जोडले, की कोणतेही एक बिट उलटताच ती संख्या विषम होते आणि चूक झाल्याचे कळते. या जादा बिटाला पॅरिटी बिट म्हणतात. चूक कोठे झाली हे मात्र त्यातून कळत नाही, आणि दोन बिटे उलटली तर काहीच कळत नाही. दशमान अंकांच्या जगातही असे पहारेकरी असतात. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी ज्या आधार क्रमांकांच्या वाटपाला आरंभ झाला, त्या बारा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. डच गणिती याकोबस व्हर्होफ यांनी 1969मध्ये मांडलेली ही पद्धत कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर हमखास ओळखते, म्हणून धान खरेदीच्या नोंदणीत क्रमांक टंकताना झालेली अशी चूक जागीच अडवता येते. परंतु हे केवळ चूक ओळखणे आहे. क्रमांक पुन्हा विचारण्यासाठी शेतकरी समोर उभा असल्यामुळे तेथे तेवढे पुरते; दुतर्फी जोडणी असलेल्या संगणकांच्या जाळ्यातही बहुतेक वेळा ‘पुन्हा पाठवा’ असे सांगता येते. नदीकाठच्या एकतर्फी प्रक्षेपकाला, दूरदर्शनच्या उपग्रहाला किंवा अंतराळयानाला ती सोय नसते किंवा परवडत नाही. अशा ठिकाणी, जे बिघडून आले आहे त्यातूनच मूळ संदेश वर काढावा लागतो.

हे शक्य आहे, हे काटकसरीने दाखवून देण्याचे श्रेय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रिचर्ड हॅमिंग यांच्याकडे जाते. शनिवार-रविवारी चालणारा रिले संगणक चूक आढळताच काम टाकून देतो आणि सोमवारी हाती काहीच लागत नाही, या वैतागातून त्यांनी प्रश्न उलटा विचारला : यंत्राला चूक झाल्याचे कळत असेल, तर ती कोठे झाली हेही का कळू नये? 1950मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील रचना आजही पहिल्या वाचनात थक्क करते. सात जागा घ्याव्यात. त्यांपैकी 1, 2 आणि 4 या जागांवर तपासणीची बिटे आणि उरलेल्या चार जागांवर माहितीची बिटे ठेवावीत. पहिली तपासणी 1, 3, 5, 7 या जागांवर, दुसरी 2, 3, 6, 7 या जागांवर आणि तिसरी 4, 5, 6, 7 या जागांवर पहारा ठेवते; प्रत्येक गटातील एकांची संख्या सम असली पाहिजे एवढाच नियम. संदेश पोहोचल्यावर ज्या तपासण्या बिघडलेल्या आढळतील त्यांच्या तपासणी-बिटांच्या जागांचे क्रमांक मिळवले, की येणारी बेरीज हीच चुकलेली जागा. पहिली आणि तिसरी बिघडली, तर एक अधिक चार म्हणजे पाचवे बिट उलटवून घ्यावे. एकही बिघडली नाही तर संदेश जसाच्या तसा स्वीकारावा. तीन तपासण्यांतून आठ निष्कर्ष निघू शकतात आणि शक्यताही नेमक्या आठच आहेत, सात जागांच्या सात चुका आणि एक निर्दोष स्थिती, म्हणजे या रचनेत एकही निष्कर्ष वाया जात नाही. याच नियमाने पंधरा बिटांच्या पातळीला पाच तपासणी-बिटे पुरतात. पंचेचाळीसच्या जागी वीस बिटांत काम होते.

या रचनेची एक खोड येथेच सांगून ठेवणे योग्य होईल, कारण लोकप्रिय लेखनात ती बहुधा गाळली जाते. दोन बिटे उलटली तर हॅमिंगची रचना गप्प राहत नाही, तर ती आत्मविश्वासाने एखादे तिसरेच बिट उलटवते आणि दोन चुकांच्या तीन चुका करते. संकेत म्हणजे वाहिनीविषयी केलेले एक अनुमान असते. अनुमान फसले तर दुरुस्तीच अपाय करते. म्हणूनच व्यवहारात आणखी एक पॅरिटी बिट जोडून, एक चूक असेल तर सुधारायची आणि दोन असतील तर केवळ तक्रार करायची, अशी मर्यादा घालून घेतली जाते.

हॅमिंग यांची अधिक टिकाऊ देणगी म्हणजे अंतराची कल्पना. दोन बिटशब्द जितक्या जागी एकमेकांपासून वेगळे असतील, तेवढे त्यांच्यातील अंतर मानले, तर संकेत म्हणजे परस्परांपासून पुरेशा दूर ठेवलेल्या शब्दांचा संच ठरतो. कोणत्याही दोन शब्दांत किमान तीनचे अंतर असेल, तर एका चुकीने बिघडलेला शब्द अजूनही आपल्या मूळ शब्दाच्याच जवळ असतो आणि त्याला घरी परत नेता येते. पाचचे अंतर दोन चुका पचवते, सातचे तीन. प्रश्न मग शुद्ध गणिताचा होतो : ठरावीक लांबीचे, एकमेकांपासून ठरावीक अंतर राखणारे जास्तीत जास्त किती शब्द निवडता येतील?

याच टप्प्यावर या विषयाचा धागा कारध्यापासून साठेक किलोमीटरवर असलेल्या नागपूरशी जुळतो आणि त्याची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म 1917मध्ये सागर येथे झाला आणि त्यांचे पदवीचे शिक्षण नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात झाले. पुढे ज्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठातून 1950मध्ये डॉक्टरेट मिळवली, त्या राजचंद्र बोस यांचा जन्म 1901मध्ये होशंगाबादचा. म्हणजे दोघेही त्या जुन्या मध्य प्रांतात जन्मले ज्यात नागपूर आणि भंडारा हे जिल्हेही होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बोस यांनी 1930च्या दशकात जो विषय हाती घेतला, तो शेतीतील प्रयोगांच्या आराखड्यांचा होता : निरनिराळी वाणे आणि खते कोणत्या वाफ्यात कशी वाटावी, म्हणजे कोणत्याही दोहोंची तुलना सारख्याच वेळा होईल आणि जमिनीच्या कसातील फरक निकालात मिसळणार नाही. धानाच्या बांध्यांसाठी उपयोगी पडणारे हे समतोल वाटपाचे गणित आणि एकमेकांपासून समान दूर असलेल्या शब्दांचे गणित ही एकाच रचनेची दोन रूपे आहेत, हे पुढे स्पष्ट झाले.

1959मध्ये बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी गणिती ऑयलरचे 1782मधील एक अनुमान खोटे ठरवले. चारने भागल्यास दोन उरणाऱ्या संख्यांसाठी परस्परलंब लॅटिन चौकटींची जोडी अस्तित्वात नसते, असे ऑयलरचे म्हणणे होते. (लॅटिन चौकटीत प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येते; अशा दोन चौकटी एकावर एक ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली, तर त्या परस्परलंब.) सहापेक्षा मोठ्या अशा प्रत्येक संख्येसाठी ती जोडी असते, हे या तिघांनी सिद्ध केले आणि न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे यांचे नाव आजही याच पराक्रमासाठी घेतले जाते. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संकेतांच्या रचनेवर लिहिलेला एक छोटा लेख मात्र त्या मानाने अंधारात राहिला, आणि हा अन्याय आहे. ज्या चौकटीत फक्त अधिक एक आणि उणे एक असतात आणि जिच्या कोणत्याही दोन ओळी नेमक्या निम्म्या जागी जुळतात व निम्म्या जागी भिडतात, तिला हॅडामार्ड चौकट म्हणतात. अशी चौकट आणि एका विशिष्ट कमाल मर्यादेला टेकणारा संकेत या दोन गोष्टी परस्परांना सममूल्य आहेत, एक मिळाली की दुसरी आपोआप मिळते, असे त्या लेखात दाखवले आहे. 32 ओळींच्या चौकटीपासून या मार्गाने 32 बिटांचे, परस्परांत किमान 16 जागांचे अंतर राखणारे 64 शब्द मिळतात. आणि नोव्हेंबर 1971मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरलेल्या मरिनर-9 या यानाने आपली छायाचित्रे पाठवताना करड्या रंगाच्या 64 छटांसाठी वापरलेला संकेत नेमक्या याच मापांचा होता. प्रत्येक 32 बिटांमागे सात बिटे बिघडली तरी छटा बिनचूक ओळखता येत होती. बोस यांनी आपले विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांच्यासह 1960मध्ये मांडलेले आणि फ्रान्समध्ये ओकेंघेम यांनी स्वतंत्रपणे शोधलेले संकेत तर तिघांच्या आद्याक्षरांनी बीसीएच या नावाने जगभर रूढ झाले. श्रीखंडे 1963पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची उभारणी करीत होते. एप्रिल 2020मध्ये, वयाच्या 102व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मराठीत माहितीच्या सिद्धांतावर लिहिताना हॅमिंग आणि ज्यांचे प्रमेय पुढे येणार आहे ते क्लॉड शॅनन यांची नावे येतात आणि श्रीखंडे यांचे येत नाही, ही उणीव या ग्रंथाने जाणीवपूर्वक भरून काढली आहे.

आतापर्यंत चुका एकट्यादुकट्या येतात असे मानले. प्रत्यक्षात त्या घोळक्याने येतात. विजेचा एक लखलखाट लागोपाठची शेकडो बिटे बुडवतो, सीडीवरचा ओरखडा त्याहून जास्त. यावर 1960मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी शोधलेला उपाय असा, की सुट्या बिटांऐवजी आठ-आठ बिटांच्या गटाला, म्हणजे बाइटला, एक चिन्ह मानावे आणि त्या चिन्हांतून एक बहुपदी ठरवावी. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. त्या रेषेवरचे पाच बिंदू पाठवले आणि त्यांतला एक भलतीकडे सरकला, तरी उरलेले चार रेषा कोणती ते सांगतात. रीड-सॉलोमन संकेतात हेच तत्त्व मोठ्या घाताच्या बहुपदींना आणि मर्यादित संख्यांच्या क्षेत्राला लावलेले आहे. बाइटमधले एक बिट बिघडो की आठही बिघडोत, चूक एकच मोजली जाते, म्हणून घोळक्याच्या चुकांवर तो प्रभावी ठरतो. भंडाऱ्याच्या बाजारात भाजीच्या गाड्यावर टांगलेल्या, उन्हाने विटलेल्या आणि कोपरा फाटलेल्या क्यूआर पाटीतूनही पैसे योग्य खात्यात जातात ते याच संकेतामुळे. पाटी बनवताना निवडलेल्या पातळीनुसार तिचा सुमारे 7 ते 30 टक्के मजकूर नष्ट झाला तरी तो परत मिळवता येतो.

यांतल्या बहुतेक रचनांच्या आधीच, 1948मध्ये, क्लॉड शॅनन यांनी एक विलक्षण प्रमेय सिद्ध केले होते. प्रत्येक वाहिनीला तिच्या गोंगाटानुसार एक क्षमता असते. तिच्याहून कमी वेगाने माहिती पाठवली तर चुकीची शक्यता हवी तेवढी कमी करता येते, जास्त वेगाने पाठवली तर कोणतीही युक्ती चालत नाही. असे संकेत असतात एवढे शॅनन यांनी सांगितले. ते कसे बांधावेत हे सांगितले नाही. रॉबर्ट गॅलॅगर यांनी 1960च्या सुमारास सुचवलेले विरळ तपासणीचे संकेत त्या काळच्या संगणकांना पेलवले नाहीत आणि सुमारे तीन दशके जवळजवळ विस्मरणात गेले. 1993मध्ये फ्रान्समध्ये टर्बो संकेत पुढे आल्यावर ते पुन्हा उजेडात आले, आणि आज पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेत ते एर्दाल आरिकान यांच्या ध्रुवीय संकेतांसह कामावर आहेत. भारताच्या नाविक या दिशादर्शन उपग्रहमालिकेच्या मूळ संदेशांत प्रत्येक बिटामागे दोन बिटे पाठवणारा संवलन-संकेत आहे. शॅननच्या मर्यादेचे प्रत्यक्ष दर्शन घरोघरी होते. जुन्या अँटेनाच्या काळात पावसात चित्रावर मुंग्या येत आणि तरीही बातम्या कळत; आजचे उपग्रहावरून येणारे चित्र मुसळधार पावसातही बराच वेळ काचेसारखे स्वच्छ असते आणि मग एकाएकी चौकोनांत फुटून नाहीसे होते. मर्यादेच्या अलीकडे संकेत सर्व चुका गिळतो, पलीकडे एकही गिळू शकत नाही. मधला उतार जवळजवळ नसतो. आपत्तीच्या यंत्रणा आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण अशी वाहिनी बिघडत चालल्याची चाहूल न देता बंद पडते.

या शास्त्राच्या हद्दीही वाचकाने आरंभीच ओळखाव्यात. संकेत आकड्याच्या प्रवासाची हमी देतो, आकड्याच्या सत्याची नाही. मोजपट्टीवर गाळ बसला, संवेदक चुकीच्या उंचीवर बसवला गेला किंवा नोंदणाऱ्याने 245.05 ऐवजी 245.50 लिहिले, तर उत्तमोत्तम संकेत ती चूक तितक्याच निष्ठेने पोहोचवील. संकेत गुप्तताही देत नाही. येथील तपासणी-बिटे कोणालाही काढता येतात, त्यामुळे मुद्दाम केलेला फेरफार ती रोखू शकत नाहीत आणि त्यासाठी कूटलेखनाचे वेगळे शास्त्र आहे. आणि बिनचूक पोहोचलेल्या आकड्यावर वेळेत निर्णय घेणे हे काम तर कोणत्याच बिटाचे नाही.

प्रस्तुत ग्रंथ पदवीपूर्व विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक यांच्यासाठी लिहिलेला असल्यामुळे पहिल्या भागाला शालेय अंकगणितापलीकडे काही लागत नाही. सम आणि विषम यांतला भेद कळणे पुरेसे आहे. बीसीएच आणि रीड-सॉलोमन यांवरील मधली प्रकरणे मर्यादित क्षेत्रांच्या बीजगणितावर उभी आहेत आणि ती कठीण आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना ती पहिल्या वाचनात जड जातील त्यांनी ती ओलांडून शॅननच्या प्रमेयाकडे जावे आणि मग मागे यावे. हॅमिंगचे प्रकरण मात्र केवळ वाचून समजत नाही. त्यासाठी वाचकाने सात चौकोन आखावेत, आपल्या मनाने चार बिटे भरावीत, तपासणीची तीन बिटे स्वतः काढावीत, आणि दुसऱ्या कोणाकडून त्यांतले एक गुपचूप बदलून घेऊन ते शोधून काढल्यावरच पुढचे पान उलटावे.